तीन चाकांची गाडी आणि कायद्याचे चार प्रश्न



आज आम्ही तुमच्याशी रिक्षाबद्दल बोलणार आहोत. रिक्षा काय असते हे कुणाला सांगायला नको. ठाणे स्टेशनवरून वर्तकनगर, लोकमान्यनगरकडे येणारी शेअर रिक्षा आम्हा बायकांच्या रोजच्या येण्याजाण्याची आहे. तुमच्या गावाकडे तिला कुणी टमटम म्हणत असेल, रायगडात मिनीडोर आणि विक्रम म्हणतात. नाव काहीही असो, चाकं तीनच.

पण आता आपल्यातल्या कितीतरी जणी रिक्षात नुसत्या मागे बसणाऱ्या राहिलेल्या नाहीत. कुणी गटातून कर्ज उचलून रिक्षा घेतली. कुणी घरधन्याच्या रिक्षाच्या कर्जाला जामीन राहिली. कुणी नवरा गेल्यावर त्याची रिक्षा शिफ्टवर चालवायला दिली आणि त्या भाड्यावर पोरं शिकवली. कुणी तर स्वतःच हँडल धरलं. म्हणून एक प्रश्न आता आपल्या घरचा झाला आहे. सरकार या गाडीला काय समजतं? मोटरसायकल समजतं, मोटार समजतं, की टॅक्सी? लायसन कोणतं लागेल, विम्याचा हप्ता किती बसेल आणि अपघात झाला तर भरपाई कोण देईल, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं. आणि हे उत्तर काही एका दिवसात तयार झालेलं नाही. त्याला पाऊणशे वर्षं लागली. तोच इतिहास आज सांगतो.

माणूस ओढत होता तेव्हा

रिक्षा हा शब्द जपानी आहे. मूळ शब्द 'जिनरिकिशा'. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. माणसाच्या बळावर चालणारी गाडी. १८७०च्या सुमारास ती जपानात सुरू झाली आणि तिथून आपल्याकडे सिमला, कलकत्ता अशा ठिकाणी आली. तिला इंजिन नाही, पेट्रोल नाही. ओढणाऱ्याचे पाय हेच तिचं इंजिन.

ही फार जुनी गोष्ट वाटेल, पण आमच्या कल्याण-कर्जत लाइनवर नेरळला उतरून वर माथेरानला गेलं, की ती आजची वाटायची. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी, त्यामुळे तिथे हातरिक्षा चालत राहिल्या. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने तिथे ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या. पुढे ६ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच न्यायालयाने सांगितलं, की माणसाने माणसाला ओढणं हे माणुसकीच्या प्रतिष्ठेला धरून नाही, हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळतील असं बघा. तेव्हा न्यायालयाने गुजरातमधल्या केवडियाचं उदाहरण दिलं. तिथे ई-रिक्षा चालवतात त्या स्थानिक बायका. हे आपण लक्षात ठेवावं.

इटलीची मधमाशी पुण्यात आली

आता मोटारीच्या रिक्षाकडे येऊ. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटली देश पार मोडून पडला होता. लोकांकडे मोटारी घ्यायला पैसे नव्हते. पियाजिओ नावाच्या कंपनीने आधी स्वस्त स्कूटर काढली, तिचं नाव व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. १९४८ मध्ये त्याच स्कूटरला मागे दोन चाकं आणि हौदा लावून माल वाहणारी गाडी काढली. तिचं नाव आपे, म्हणजे मधमाशी. आज आपल्या रस्त्यांवर दिसणारी 'आपे' रिक्षा हेच नाव घेऊन फिरते.

म्हणजे मुळात ही गाडी माणसांसाठी नव्हती, मालासाठी होती. ती आपल्याकडे आणून तिच्यावर माणसं बसवायची कल्पना पुढे आली. आपल्या देशात ऑटोरिक्षा आणण्याचं श्रेय नवलमल फिरोदिया यांना देतात. ते मूळचे अहमदनगरचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक. बजाज घराण्याची कंपनी १९४८ पासून अशा दुचाकी-तीनचाकी गाड्या इटलीतून मागवून विकत होती. १९५९ मध्ये तिला भारतातच त्या बनवण्याचा परवाना मिळाला. त्याच सुमारास, १९५८ मध्ये, फिरोदियांनी बजाज टेम्पो ही कंपनी काढली आणि गोरेगावात जर्मनीच्या टेम्पो कंपनीची तीनचाकी मालगाडी बनू लागली. आपण आज कोणत्याही छोट्या मालगाडीला 'टेम्पो' म्हणतो ते या नावावरून. चारचाकी असली तरी टेम्पोच.

इथेच गोम आहे. एकाच घडणीच्या गाडीत मागे बाक टाकला की ती रिक्षा, हौदा टाकला की टेम्पो. बजाजने १९७१ मध्ये मालवाहू तीनचाकीही बाजारात आणली. बघणाऱ्याला दोन्ही सख्ख्या बहिणी. कायद्याला मात्र नाही.

तेव्हाचा कायदा काय म्हणत होता

रिक्षा आली तेव्हा देशात १९३९चा मोटार वाहन कायदा होता. तो लिहिला गेला तेव्हा आपल्या रस्त्यावर ऑटोरिक्षा नव्हती. त्या कायद्यात मोटरसायकलची व्याख्या मोठी गमतीची होती. चारपेक्षा कमी चाकांची आणि सुमारे चारशे किलोच्या आतली गाडी म्हणजे मोटरसायकल. या हिशोबाने हलकी तीनचाकी गाडीही मोटरसायकलच्या घरात जात होती. त्याच कायद्यात 'मोटार कॅब'चीही व्याख्या होती. चालक सोडून सहा जणांपर्यंत माणसं भाड्याने नेणारी गाडी म्हणजे मोटार कॅब. त्यात चाकांची अट नव्हती. म्हणजे रिक्षा चाकं आणि वजन पाहता एका घरची, आणि धंदा पाहता दुसऱ्या घरची.

असा घोळ एकट्या आपल्याकडेच होता असं नाही. इंग्लंडमध्येही हलकी तीनचाकी गाडी मोटरसायकलच्या लायसनवर चालवता यायची आणि तिचा करही कमी असायचा. त्यामुळे तिथे रिलायंट नावाच्या कंपनीच्या दारं-खिडक्या असलेल्या, छप्पर असलेल्या तीनचाकी मोटारी कामगार वर्गात खूप खपल्या. दिसायला पुरती मोटार, कागदावर मोटरसायकल. कायद्यात फट असली की कारखानदार त्या मापाची गाडी बनवतो आणि गरीब माणूस तीच घेतो, कारण ती परवडते. यात गरिबाचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही. पण कागदावर आपली गाडी काय आहे हे माहीत नसेल, तर परवडलेली गाडीच महाग पडते.

१९८८ नंतरचे चार प्रश्न

आज लागू असलेला मोटार वाहन कायदा १९८८चा. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याने मोटरसायकल म्हणजे दोन चाकांची गाडी असं सरळ लिहून टाकलं. जोडलेली साइडकार असली तरी ती मोटरसायकलच. पण रिक्षासारखी तीनचाकी त्या घरातून कायमची बाहेर पडली. मग ती कुठे गेली? कायदा रिक्षाला चार प्रश्न विचारतो असं समजा.

पहिला प्रश्न: वजन किती? ७,५०० किलोच्या आत असेल तर ते हलकं मोटार वाहन. रिक्षा तर फारच आत. म्हणजे लायसनच्या दृष्टीने ती मोटारीच्या शेजारी जाऊन बसली, मोटरसायकलच्या नाही. म्हणूनच मोटरसायकलचं लायसन खिशात ठेवून रिक्षा चालवणारा कायद्याने बिनलायसनचा ठरतो. 'हँडल तर स्कूटरसारखंच आहे' हे उत्तर चालत नाही.

दुसरा प्रश्न: भाडं घेता का? घेत असाल तर ते परिवहन वाहन. त्याला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं, त्याला परवाना म्हणजे परमिट, त्याला ठरलेल्या मुदतीने फिटनेस, ज्याला आपण पासिंग म्हणतो.

तिसरा प्रश्न: माणसं की माल? माणसं असतील तर प्रवासी वाहन, माल असेल तर मालवाहू. दोन्हींचा विमा वेगळा, परवाना वेगळा.

चौथा प्रश्न: माणसं किती? चालक सोडून सहापर्यंत असतील तर मोटार कॅब. सहाच्या वर बारापर्यंत असतील तर मॅक्सी कॅब, म्हणजे गावाकडची काळी-पिवळी जीप त्या वर्गातली. आपल्या रिक्षाच्या परवान्यावर तीन प्रवासी असतात. सहा आसनी विक्रमही सहापर्यंतच असल्याने कॅबच.

आता शेअर रिक्षाचं काय? माणशी वेगळं भाडं घेतलं म्हणजे ती बस झाली का, असा प्रश्न पडतो. बस ही टप्पा वाहतूक, रिक्षा ही कंत्राटी वाहतूक. कायद्याने याचं उत्तर व्याख्येतच देऊन ठेवलं आहे. मोटार कॅबमधल्या प्रवाशांकडून वेगवेगळं भाडं घेतलं, तरी ती कंत्राटी वाहतूकच राहते. म्हणून ठरवून दिलेल्या मार्गावर, ठरवून दिलेल्या भाड्यात चालणारी शेअर रिक्षा बेकायदा नाही. परवान्यातल्या तीनऐवजी चार-पाच माणसं कोंबणं मात्र बेकायदा. विम्याच्या वेळी हे किती महागात पडतं ते पुढे सांगतो.

एका शब्दावरून तीस वर्षं

१९९४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. लायसनच्या प्रकारांत 'परिवहन वाहन' असा एक स्वतंत्र प्रकार आला. आणि इथून मोठा वाद सुरू झाला. एखाद्याकडे हलक्या मोटार वाहनाचं लायसन आहे, पण त्यावर परिवहनाची नोंद नाही. तो भाड्याची रिक्षा किंवा टॅक्सी चालवतो. अपघात झाला. मग तो बिनलायसनचा म्हणायचा का?

विमा कंपन्या म्हणायच्या, हो. आमचा करार मोडला, आम्ही पैसे देणार नाही. अपघात झालेला माणूस म्हणायचा, अहो, त्याला गाडी चालवता येत होती, लायसनही होतं, एक शिक्का नव्हता म्हणून माझ्या पोरांनी उपाशी राहायचं का? न्यायालयांचे निकालही दोन्हीकडचे लागत गेले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे गुजरातचं एक प्रकरण आलं. गाडी होती ऑटोरिक्षाच्याच घडणीची मालवाहू व्हॅन. चालकाकडे तीनचाकीचं लायसन होतं, पण परिवहनाचं नव्हतं. न्यायालयाने विमा कंपनीला मोकळं केलं. आम्ही मघाशी सख्ख्या बहिणी म्हणालो त्या ह्याच.

आमच्या ओळखीच्या एका ताईंचं घर या वादात कसं सापडलं ते सांगतो. नाव सांगत नाही. त्यांचे मालक वारले, रिक्षा त्यांच्या नावावर झाली. रिक्षा त्यांनी शिफ्टवर एका ओळखीच्या मुलाला दिली. मुलाकडे मोटारीचं लायसन होतं. ताईंनी ते पाहिलं होतं, त्याची झेरॉक्सही घरात होती. त्याच्यावर परिवहनाची नोंद असावी लागते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. रस्ता ओलांडणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना रिक्षेचा धक्का लागला. बाबांचा पाय मोडला. विमा चालू होता, हप्ता भरलेला होता. तरी कंपनीने पत्र पाठवलं, की चालकाकडे योग्य लायसन नव्हतं, सबब जबाबदारी मालकावर. ताई पत्र घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्या नावावर वर्तकनगरात म्हाडाची एक खोली आणि ती रिक्षा, एवढंच होतं. दुसरीकडे त्या बाबांच्या घरीही चूल त्यांच्या मजुरीवर पेटत होती. कागदावरच्या एका शिक्क्यावरून दोन गरीब घरं समोरासमोर उभी राहिली, आणि ज्यांनी हप्ता घेतला ते बाजूला झाले. असं पाहिलं की कायद्याची व्याख्या हा विषय कोरडा वाटत नाही.

३ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला, की हलक्या मोटार वाहनाचं लायसन असेल तर ७,५०० किलोच्या आतलं परिवहन वाहन चालवायला वेगळ्या नोंदीची गरज नाही. विमा कंपन्यांना हे पटलं नाही, वाद पुन्हा मोठ्या खंडपीठाकडे गेला. शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तोच निकाल कायम केला. १९९४ ते २०२४, मोजून तीस वर्षं. या तीस वर्षांत ताईंसारख्या किती जणींनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या असतील.

दोन गोष्टी मात्र नीट समजून घ्या. एक, या निकालाने मोटरसायकलचं लायसन रिक्षाला चालतं असं झालेलं नाही. हलक्या मोटार वाहनाचंच पाहिजे. दोन, ई-रिक्षासाठी जी वेगळी पात्रता आहे ती तशीच राहिली. आणि आपल्या राज्यात रिक्षाचालकाला जो बॅज म्हणजे बिल्ला घ्यावा लागतो, तो लायसनहून वेगळा कागद आहे. लायसन आहे म्हणून बॅज नको, असं नाही.

परवाने बंद, परवाने खुले

परवान्याचाही इतिहास आहे. आपल्या राज्यात १९९७ मध्ये रिक्षाचे नवे परवाने देणं थांबवलं गेलं. गाड्या फार झाल्या, असं कारण होतं. मग जुना परवाना सोन्याच्या भावाचा झाला. परवाना एकाच्या नावावर, गाडी दुसऱ्याची, चालवणारा तिसरा, असा व्यवहार चालू झाला. २०१७ मध्ये परवाने पुन्हा खुले झाले.

त्याच्या थोडं आधी एक चांगली गोष्ट झाली. राज्याने रिक्षा परवान्यांत महिलांसाठी ५ टक्के वाटा ठेवला आणि त्यांच्या रिक्षांना अबोली रंग ठरवला. २०१६ पासून आमच्या ठाण्याच्या रस्त्यांवर अबोली रिक्षा दिसू लागल्या. तोवर रिक्षा स्टँड म्हणजे पुरुषांची जागा. तिथे साडीवर खाकी शर्ट घालून एखादी बाई रांगेत उभी राहिली, की लोक वळून बघायचे. आता तेवढे बघत नाहीत. हाही इतिहासच.

बॅटरीवरची रिक्षा

२०१०च्या पुढे उत्तरेकडच्या शहरांत बॅटरीवरच्या रिक्षा हजारोंनी आल्या. विकणारे सांगायचे, ही मोटार वाहनच नाही, हिला नोंदणी नको, लायसन नको, विमा नको. गरीब लोकांनी विश्वास ठेवून घेतल्या. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या थांबवल्या. नोंदणी नाही, विमा नाही, मग अपघातात मेलेल्याचं कोण बघणार, हा न्यायालयाचा सवाल होता. एका दिवसात त्या चालकांची रोजीरोटी बंद पडली. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये नियम आले आणि २०१५ मध्ये कायद्यातच दुरुस्ती होऊन ई-रिक्षा हा स्वतंत्र वर्ग झाला. मोटरची ताकद ४,००० वॅटपर्यंत, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत, प्रवासी चार.

म्हणजे बॅटरीवरच्या सगळ्याच तीनचाकी 'ई-रिक्षा' नव्हेत. ताशी २५च्या वर पळणारी बॅटरीची रिक्षा ही कायद्याने नेहमीच्या ऑटोरिक्षाच्या रांगेत बसते. बोलताना आपण दोघींना ई-रिक्षाच म्हणतो. कागदावर मात्र नोंदणी वेगळी, लायसनचा नियम वेगळा, विम्याचा दर वेगळा.

हे आत्ता सांगायचं कारण आहे. २०२४ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास विभागाने पिंक ई-रिक्षा योजना काढली. १० टक्के रक्कम बाईने भरायची, २० टक्के सरकारने, ७० टक्के बँकेचं कर्ज. गटांतल्या बायका विचारत येतात. बॅटरीवरच्या परिवहन वाहनांना केंद्र सरकारने २०१८ मध्ये परवान्याच्या अटीतून सूट दिली, हेही त्यांनी ऐकलेलं असतं. पण सूट परवान्याची आहे. लायसनची नाही, विम्याची नाही, पासिंगची नाही. हिरवी पाटी लागली म्हणजे सगळं माफ, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

विम्याचा हिशोब

आता विमा. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा आपल्या देशात १ जुलै १९४६ पासून सक्तीचा झाला. स्वातंत्र्याच्याही आधी. त्यामागचा विचार साधा होता. गाडीवाल्याच्या हातून कुणाचं वाईट झालं, तर गाडीवाला गरीब आहे म्हणून ज्याचं नुकसान झालं त्याने रिकाम्या हाताने परत जाऊ नये.

हा दर कंपनी स्वतःच्या मनाने लावत नाही, तो सरकारी अधिसूचनेने ठरतो. तीनचाकी प्रवासी गाडीत सहापर्यंत माणसांचा एक वर्ग आहे, सहाच्या वर सतरापर्यंतचा दुसरा. हप्ता दोन भागांत असतो. एक ठरलेली मूळ रक्कम, आणि परवान्यावर जेवढे प्रवासी तेवढ्या प्रत्येकामागे वेगळी रक्कम. ई-रिक्षाचा दर निराळा. म्हणजे तुम्ही तीन प्रवाशांचे पैसे भरता तेव्हा तीन प्रवाशांचीच जोखीम कंपनी घेते.

मग पाच बसवले आणि गाडी उलटली तर? २००७ मध्ये एका बसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जेवढ्या माणसांचा विमा काढला तेवढ्यांपुरतीच कंपनी बांधील. वरच्यांचं मालकाने बघायचं. बसचा नियम रिक्षालाही तोच. शेअरच्या चौथ्या सीटचे वीस रुपये मिळतात, आणि त्या सीटची जबाबदारी घराच्या दारापर्यंत येते.

परवाना नसताना भाडं मारलं तर? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परवाना नसणं हा करारातला मूळ भंग आहे. अशा वेळी न्यायालय बहुतेकदा कंपनीला सांगतं, आधी पीडिताला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. पीडिताच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. पण मालकीण तुम्ही असाल तर ती वसुली तुमच्यावर येते, कर्जाचे हप्ते चालू असतानाच.

आणखी एक. थर्ड पार्टी विमा हा दुसऱ्यासाठी असतो. स्वतः मालक गाडी चालवत असताना तिला किंवा त्याला काही झालं, तर त्यासाठी वैयक्तिक अपघात विमा असतो. २०१८ पासून त्याची रक्कम १५ लाख रुपये झाली आहे. पण त्यासाठी मालकाकडे स्वतःचं चालू लायसन हवं. रिक्षा बाईच्या नावावर आणि लायसन नवऱ्याकडे, अशी आपल्याकडे किती घरं आहेत बघा. त्या घरात चालवणाऱ्या माणसासाठी वेगळं संरक्षण घेतलंय का, हे एजंटला विचारलंच पाहिजे.

गटाने काय करावं

आम्ही वर्तकनगरच्या गटांत आता एक रीत पाडली आहे. गटातून रिक्षासाठी कर्ज द्यायचं असेल, किंवा कुणी जामीन राहणार असेल, तर कागद बैठकीत सगळ्यांसमोर वाचायचे. आरसी बुकावर गाडीचा वर्ग काय लिहिलाय, प्रवासी की माल, आसनं किती. विम्याच्या पॉलिसीवर तोच वर्ग आणि तेवढीच आसनं आहेत का. परवाना कुणाच्या नावावर. पासिंगची तारीख कधीची. चालवणाऱ्याच्या लायसनवर कोणता वर्ग, मुदत कधी संपते, बॅज आहे का. हे सगळं एका वहीत एका पानावर लिहून ठेवायचं. वाचायला अर्धा तास लागतो. सुरुवातीला घरचे पुरुष नाराज व्हायचे, आमच्यावर विश्वास नाही का म्हणायचे. आम्ही सांगतो, दादा, विश्वास तुमच्यावर आहे, कागदावर नाही. आता तेच बैठकीआधी तारखा सांगायला येतात.

अपघात झालाच, तर भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. त्यासाठी कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत आहे. चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. कंपनीचं नकाराचं पत्र आलं म्हणजे सगळं संपलं असं समजून ते फळीवर ठेवून देऊ नका. आम्ही सांगितलेल्या ताईंनी ते पत्र ठेवून दिलं नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून त्यांना फुकट वकील मिळाला. बायकांना तो मिळतोच, उत्पन्नाची अट नाही. २०१७चा निकाल आला तेव्हा त्यांचं प्रकरण चालूच होतं, आणि त्या निकालाने त्यांची खोली वाचली. बाबांच्या घरी भरपाई गेली, ती विमा कंपनीकडून. उशिरा गेली, पण गेली.

मैत्रिणींनो, माल वाहायला बनवलेल्या गाडीत माणसं बसली, आणि मग कायदा मागून धावत आला. आजही नवी गाडी आधी रस्त्यावर येते आणि नियम नंतर येतात. मधल्या काळात नुकसान होतं ते आपल्यासारख्यांचं. तेव्हा रिक्षा घेताना तिचा रंग बघा, इंजिन बघा, आणि आरसी बुकावरचा वर्गही वाचा. ज्या बहिणीला वाचता येत नसेल तिला वाचून दाखवा. पुढच्या बैठकीत हाच विषय घ्या, आणि तुमच्या गटात कुणाकडे रिक्षा असेल तर तिचे कागद त्याच दिवशी मागवून घ्या.